खाण तशी माती : दूरच्या ताऱ्यांचे ग्रह

‘खाण तशी माती’ ही म्हण मराठींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आईबापांचे गुण मुलांत उतरतात, हें सांगण्यासाठीं ती योजली जाते. माणसांच्या बाबतींत ती किती खरी व किती खोटी, याचा निवाडा घरोघरीं होतच असतो. परंतु गेल्या तीस वर्षांत हीच म्हण आकाशाला लावून पाहण्याची संधि ज्योतिषशास्त्राला मिळाली आहे. सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोंवतीं फिरणारे ग्रह आतां हजारांनीं सांपडले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्यें त्यांची नोंद सहा हजारांवर गेली. या ग्रहांचे गुणधर्म त्यांच्या ताऱ्यांवर किती अवलंबून असतात? तारा पाहून ग्रह सांगतां येईल काय? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. ‘दुसरी पृथ्वी सांपडली’ अशा वार्ता वरचेवर येतात. त्यांपैकीं कोणत्या वार्तेवर विश्वास ठेवावा आणि कोणती सबुरीनें ऐकावी, हें या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतें.

अशा ग्रहांना येथें सोयीसाठीं परग्रह म्हटलें आहे. परग्रहाची ओळख करून घेण्यांतील पहिली अडचण अशी, कीं तो बहुधा दिसतच नाहीं. दीपगृहाच्या दिव्याशेजारीं बसलेला काजवा दहा कोस दूर असलेल्या गलबतावरून दिसावा, तशांतला हा प्रकार आहे. मोठमोठ्या दुर्बिणींनीं मोजक्या परग्रहांचीं छायाचित्रें घेतलीं गेलीं आहेत. पण बाकीच्या बहुतेक सर्वांचें अस्तित्व प्रकाशावरून, म्हणजे ताऱ्याच्या वर्तनावरूनच, ताडलेलें आहे. साक्ष देतो तो तारा. ग्रह पडद्याआडच राहतो.

ही साक्ष मुख्यतः दोन प्रकारची असते. पहिली डोलण्याची. एखादी धिप्पाड बाई व एक लहान मुलगी हात धरून फुगडी खेळूं लागल्या, तर मुलगी मोठें वर्तुळ घेते. पण बाईहि अगदीं स्थिर राहत नाहीं, तिची छोटीशी गिरकी होतेच. तारा व ग्रह यांचें तसेंच आहे. ताऱ्याचा प्रकाश पसरून त्याचा वर्णपट घेतला म्हणजे त्यांत बारीक काळ्या रेषा दिसतात. तारा जवळ येऊं लागला कीं त्या रेषा निळ्या टोंकाकडे सरकतात, दूर जाऊं लागला कीं तांबड्या टोंकाकडे. या सरकण्यावरून ताऱ्याचा वेग कळतो. मिशेल मेयर व दिदिए केलो या स्विस ज्योतिर्विदांनीं फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेंतून महाश्व तारकासमूहांतील ‘५१ पेगासी’ या ताऱ्याचे असे वेध घेतले, आणि ऑक्टोबर १९९५ मध्यें जाहीर केलें कीं त्या ताऱ्याभोंवतीं एक ग्रह अवघ्या सव्वाचार दिवसांत प्रदक्षिणा करतो व त्याचें वस्तुमान निदान गुरूच्या निम्म्याच्या आसपास तरी आहे. सूर्यासारख्या ताऱ्याभोंवतीं सांपडलेला हा पहिला परग्रह होय. या शोधाबद्दल २०१९ सालच्या नोबेल पारितोषिकांत त्या दोघांना वांटा मिळाला. हें काम किती नाजूक, याची कल्पना सूर्याच्या उदाहरणावरून येईल. गुरूमुळें सूर्य सेकंदाला सुमारें साडेबारा मीटर वेगानें डोलतो. पृथ्वीमुळें होणारें त्याचें डोलणें सेकंदाला अवघें नऊ सेंटीमीटर आहे.

दुसरी साक्ष झांकण्याची. ग्रहाची कक्षा योग्य दिशेनें कललेली असेल, तर तो प्रत्येक प्रदक्षिणेंत ताऱ्याच्या बिंबावरून जातो आणि तेवढा वेळ ताऱ्याचें तेज किंचित् मंदावतें. दिव्याच्या भिंगावरून चिलट फिरावें तसें हें असतें. दूरवरून पाहणाऱ्यास गुरु सूर्याचा सुमारें शंभरावा भाग झांकतांना दिसेल. पृथ्वी मात्र बारा हजारांत एकच भाग झांकील. किती भाग झांकला गेला, यावरून ग्रहाचा आकार निघतो.

परंतु या दोन्ही साक्षींत एक मेख आहे. डोलण्यावरून ग्रहाचें वस्तुमान काढावयाचें तर ताऱ्याचें वस्तुमान आधीं ठाऊक असावें लागतें. झांकण्यावरून ग्रहाचा आकार काढावयाचा तर ताऱ्याचा आकार ठाऊक असावा लागतो. वेधांतून जें हातीं येतें तें केवळ गुणोत्तर. समजा, एखाद्या ताऱ्याची त्रिज्या मानली होती त्याहून शेंकडा दहांनीं मोठी निघाली. मग ग्रहाची त्रिज्याहि शेंकडा दहांनीं वाढते, त्याचें आकारमान एक तृतीयांशानें वाढतें, आणि वस्तुमान तेंच राहिलें तर घनता पाव हिश्शानें उतरते. काल ज्याचा खडकाळ गोळा म्हणून गाजावाजा झाला, तो आज पाण्यानें किंवा वायूनें वेढलेला निघण्याचा संभव असतो. ग्रहांत कांहींच बदल झालेला नसतो. बदललेलें असतें तें ताऱ्याचें माप.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेची ‘केप्लर’ दुर्बीण मार्च २००९ मध्यें आकाशांत पाठविली गेली. हंस व स्वरमंडळ या तारकासमूहांच्या बाजूस असलेल्या सुमारें दीड लक्ष ताऱ्यांवर तिनें चार वर्षें अखंड नजर ठेविली. ऑक्टोबर २०१८ मध्यें ती निवृत्त झाली, तेव्हां तिच्या खात्यावर अडीच हजारांहून अधिक परग्रह जमा होते. ग्रह सांपडले, पण त्यांचे तारे मात्र नीट मोजलेले नव्हते. कित्येकांच्या त्रिज्येंत पाव हिश्शाची किंवा त्याहूनहि अधिक चूक संभवत होती. म्हणून हवाई बेटावरील केक दुर्बिणीनें यांपैकीं तेराशेंहून अधिक ताऱ्यांचे वर्णपट काळजीपूर्वक घेण्यांत आले. पुढें युरोपच्या ‘गाइया’ या अवकाशयानानें शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांचीं अंतरें मोजून २०१८ सालीं प्रसिद्ध केलीं. अंतर कळलें कीं खरें तेज कळतें, आणि तेज व उष्णतामान यांवरून आकार निघतो. कांहीं ताऱ्यांच्या बाबतींत आणखी एक युक्ति चालली. गिऱ्हाईक मडकें वाजवून घेतें आणि आवाजावरून तें पक्कें कीं कच्चें हें ओळखतें. ताऱ्याचा गोळाहि आंतील खळबळीनें सतत कंप पावत असतो. त्याच्या तेजांतील बारीक चढउतारांवरून हा कंप मोजला म्हणजे त्याचा आकार व वस्तुमान यांचा चांगला अंदाज येतो.

ताऱ्यांचीं मापें सुधारतांच ग्रहांच्या गर्दींत एक नवी गोष्ट उघड झाली. २०१७ सालीं बेंजामिन फल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, ताऱ्याजवळून फिरणाऱ्या लहान ग्रहांचे दोन ढीग पडतात. एका ढिगांतील ग्रह पृथ्वीपेक्षां थोडे मोठे, तर दुसऱ्यांतील तिच्या दुपटीहून अधिक. मध्यें, म्हणजे पृथ्वीच्या दीडपट ते दुप्पट त्रिज्येच्या दरम्यान, ग्रहांचा तुटवडा आहे. ही खिंड आधींहि तेथेंच होती. पण ताऱ्यांच्या चुकीच्या मापांच्या धुक्यांत ती बुजून गेली होती.

येथपर्यंत झाली ती ओळखीची गोष्ट. पण तारा हा ग्रहाचा केवळ साक्षीदार नव्हे, तो त्याचा भाऊबंदहि आहे. वायु व धूळ यांचा एकच मेघ आकसतो. त्याच्या मध्यभागीं तारा जन्मतो आणि भोंवतालच्या उरलेल्या तबकडींतून ग्रह घडतात. तेव्हां खाणीचा गुण मातींत उतरतो कीं नाहीं, हें खरोखर पाहतां येतें. त्यासाठीं ताऱ्यांतील लोखंडाचें प्रमाण तपासतात. कारण वर्णपटांत लोखंडाच्या रेषा पुष्कळ व स्पष्ट असतात, आणि त्यावरून इतर जड मूलद्रव्यांचाहि अदमास बांधतां येतो. ग्रह असलेले तारे लोखंडानें संपन्न दिसतात, ही गोष्ट ग्विलेर्मो गोन्झालेस यांनीं १९९७ सालींच नजरेस आणली होती. डेब्रा फिशर व जेफ व्हॅलेंटी यांनीं १,०४० ताऱ्यांची पाहणी करून २००५ सालीं तिचा नियम मांडला. सूर्यापेक्षां कमी लोखंड असलेल्या ताऱ्यांत गुरूसारखे प्रचंड ग्रह शंभरांत तिघांपाशींहि आढळत नाहींत. सूर्याच्या दुप्पट लोखंड असलेल्यांत मात्र शंभरांत पंचवीस ताऱ्यांपाशीं आढळतात. लोखंड दुप्पट झालें कीं असा ग्रह असण्याची शक्यता चौपट होते.

या नियमाचें एक उदाहरण भारतीयांना विशेष जवळचें वाटावें. षष्ठांश तारकासमूहांत एच्. डी. ८६०८१ या क्रमांकाचा एक तारा आहे. २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विद्या संघानें देशोदेशींच्या लोकांकडून ताऱ्यांचीं नांवें मागविलीं, तेव्हां भारताच्या वतीनें या ताऱ्याला ‘बिभा’ हें नांव देण्यांत आलें. विश्वकिरणांच्या संशोधिका बिभा चौधरी यांचें तें स्मारक होय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत त्यांनीं कांहीं काळ काम केलें होतें. त्याच्या ग्रहाचें नांव ‘सन्तमस’, म्हणजे झांकोळलेला. हा ग्रह गुरूच्या निदान दीडपट वजनाचा असून त्याचें वर्ष एक्कावन्न तासांचें आहे. तो सांपडला तो निव्वळ योगायोगानें नव्हे. लोखंडानें संपन्न असलेले तारे निवडून त्यांच्याभोंवतीं जवळून फिरणारे मोठे ग्रह शोधावे, अशी एक मोहीम त्या वेळीं चालूं होती. बिभा हा त्या यादींतला तारा. त्यांतील लोखंड सूर्याच्या सुमारें पावणेदोन पटींहून थोडें अधिक भरतें. खाण पाहून माती शोधली, आणि ती सांपडली.

असें कां व्हावें? गुरूसारखा ग्रह घडावयास आधीं पृथ्वीच्या सुमारें दहापट वजनाचा घन गाभा तयार व्हावा लागतो. मग तो भोंवतालचा हायड्रोजन ओढून घेतो. परंतु तबकडींतील वायु कांहीं दशलक्ष वर्षांतच विरून जातो. तोंवर गाभा तयार झाला तर गुरु जन्मतो. उशीर झाला तर पंगत उठलेली असते. धूळ जितकी अधिक, तितका गाभा लवकर तयार होतो. यावर एक आक्षेपहि घेण्यांत आला होता : ताऱ्यांत लोखंड आधीं नसेल, ग्रहच त्यांत पडून त्याचा पृष्ठभाग लोखंडी झाला असेल. याची परीक्षा म्हाताऱ्या होऊं लागलेल्या ताऱ्यांवर झाली. अशा ताऱ्यांत वरचे थर खोलवर ढवळले जातात. लोखंड वरवरचें असतें तर तें आंत मिसळून कमी दिसलें असतें. तसें दिसलें नाहीं. संपत्ति जन्मजात होती.

तथापि म्हणीचा अंमल सर्वत्र सारखा नाहीं. लार्स बुखाव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं दाखविलें कीं, पृथ्वीसारख्या लहान ग्रहांना ताऱ्याच्या श्रीमंतीची फारशी गरज नसते; लोखंड कमी असलेल्या ताऱ्यांपाशींहि ते असतात. मोठा वाडा बांधावयास पुष्कळ पैसा लागतो, झोंपडी मात्र गरिबालाहि उभारतां येते. ताऱ्याच्या वजनाचाहि असाच परिणाम दिसतो. आकाशगंगेंत सर्वाधिक संख्या आहे ती लहान, थंड व तांबड्या ताऱ्यांची. त्यांच्यापाशीं गुरूसारखे ग्रह विरळा. लहान ग्रहांची मात्र रेलचेल. केप्लरच्या वेधांवरून असा हिशेब निघाला आहे कीं, अशा प्रत्येक ताऱ्यापाशीं सरासरी दोन ते तीन लहान ग्रह असावेत. पण येथेंहि अपवाद आहेच. सूर्याच्या आठव्या हिश्शाएवढ्या जी. जे. ३५१२ या ताऱ्यापाशीं गुरूच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा ग्रह २०१९ सालीं सांपडला. गाभ्याच्या उपपत्तीनें त्याचा जन्म समजावणें कठीण. तबकडीचाच एखादा तुकडा आपल्या भारानें आकसून तो झाला असावा, असें त्याच्या संशोधकांनीं सुचविलें.

जन्मानंतरहि ताऱ्याचा हात ग्रहावरून निघत नाहीं. वर सांगितलेली ग्रहांच्या गर्दींतील खिंड त्याचाच पुरावा मानली जाते. खडकाळ गोळ्यावर त्याच्या वजनाच्या शेंकडा दोन-तीन इतकाच हायड्रोजन असला, तरी तो फुगून ग्रह दुप्पट मोठा दिसतो. तरुण तारा क्ष-किरण व अतिनील किरण यांचा मारा करतो. जवळच्या ग्रहाचें हें पांघरूण उडून जातें आणि उघडा खडक उरतो. ज्याचें पांघरूण जाड किंवा पकड घट्ट, त्याचें तें टिकतें. मधली अवस्था फार काळ राहत नाहीं, म्हणून मध्यें खिंड. ही खिंड दिसण्यापूर्वींच, २०१३ सालीं, गणितानें तिचें भाकीत झालें होतें. ग्रहाची स्वतःची आंतली ऊब हेंच पांघरूण उडविते, असाहि एक पक्ष आहे. बहुधा दोन्ही कारणें आपापल्या परीनें काम करीत असावींत.

याच ठिकाणीं ‘दुसऱ्या पृथ्वी’चा प्रश्न उभा राहतो. कुंभ राशींत चाळीस प्रकाशवर्षांवर ट्रॅपिस्ट-१ नांवाचा तारा आहे. त्याचें वजन सूर्याच्या शेंकडा नऊ. तेज सूर्याच्या सुमारें अठराशेव्या भागाएवढें. त्याच्याभोंवतीं पृथ्वीएवढे सात ग्रह असल्याचें फेब्रुवारी २०१७ मध्यें जाहीर झालें, तेव्हां जगभर आनंद झाला. चौथ्या ग्रहाला पृथ्वीला मिळते त्याच्या दोन तृतीयांश ऊब मिळते. त्याचें वर्ष मात्र सहा दिवसांचें. मंद शेकोटीजवळ सरकून बसावें, तसे हे ग्रह ताऱ्याला बिलगून आहेत. परंतु अशा शेकोटींतून ठिणग्याहि उडतात. हे लहान तारे जन्मानंतर कोट्यवधि वर्षें आजच्याहून अधिक तेजानें जळतात, आणि पुढेंहि त्यांच्यावर वारंवार उद्रेक होतात. जेम्स वेब दुर्बिणीनें २०२३ सालीं सर्वांत आंतील ग्रहाची उजेडाची बाजू मोजली; ती सुमारें २३० अंश सेल्सिअस भरली. वातावरण असतें तर वाऱ्यांनीं ही उष्णता काळोख्या बाजूस वाहून नेली असती; हें मान उघड्या खडकाचेंच दिसतें. दुसऱ्या ग्रहावरहि कार्बन डायऑक्साइडचें दाट वातावरण नसल्याचें त्याच वर्षीं कळलें. आकार पृथ्वीचा, पण नशीब ताऱ्याचें.

ताऱ्यावरून ग्रहाची प्रकृति सांगण्यांत घाई केली तर काय होतें, याचा धडा कर्क राशींतील ५५ कॅंक्री या ताऱ्यानें दिला आहे. त्याचा सर्वांत आंतील ग्रह पृथ्वीच्या सुमारें दुप्पट व्यासाचा, आठपट वजनाचा, आणि अठरा तासांत प्रदक्षिणा पुरी करणारा. ताऱ्यांत प्राणवायूपेक्षां कार्बन अधिक असल्याचें २०१० सालच्या एका मोजणींत आलें होतें. खाणींत कार्बन अधिक, तेव्हां मातींतहि असणार. या आधारावर निक्कू मधुसूदन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं अशी शक्यता मांडली कीं, या ग्रहाच्या अंतर्भागांत मोठा हिस्सा हिऱ्याचा असावा. ‘हिऱ्याचा ग्रह’ ही वार्ता जगभर गाजली. पुढच्याच वर्षीं जोहाना टेस्के व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ताऱ्याची फेरतपासणी केली. प्राणवायूची एक फिकट रेषा निकेलच्या रेषेंत मिसळलेली असते. निकेलचा वांटा किती धरावा, यावर सारा हिशेब हलतो. निरनिराळ्या रेषा जमेस धरून पाहतां कार्बन प्राणवायूच्या चार पंचमांशच भरला. हिऱ्याचा पाया त्यामुळें डळमळला. ग्रहांत कांहींच बदल झालेला नव्हता. ताऱ्याच्या वर्णपटांतील एका रेषेनें त्याला हिरा केलें, आणि दुसऱ्या वाचनानें तो मान काढून घेतला.

शिवाय खाण एकच असली तरी माती निरनिराळी निघूं शकते, हें घरचेंच उदाहरण सांगतें. पृथ्वी व बुध एकाच सूर्याचे. पण पृथ्वीचा लोखंडी गाभा तिच्या वजनाच्या एक तृतीयांशाच्या आसपास, तर बुधाचा सुमारें सत्तर टक्के. वार्दान आदिबेक्यान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२१ सालीं खडकाळ परग्रहांची त्यांच्या ताऱ्यांशीं तुलना केली. लोखंडानें संपन्न ताऱ्यांचे ग्रह अधिक घन असतात, हें खरें ठरलें. पण प्रमाण जसेंच्या तसें उतरत नाहीं, ग्रहांत लोखंडाचा वांटा ताऱ्यावरून अपेक्षिलेल्याहून सरासरीनें अधिक निघतो. टकरी, उष्णता, तबकडींतील जागा, यांचाहि ग्रहाच्या घडणींत भाग असतो.

तात्पर्य, म्हण खरी आहे, पण ती मोजून वापरावी लागते. मोठा ग्रह असेल कीं नाहीं, हें ताऱ्यांतील लोखंड बऱ्याच अंशीं सांगतें. लहान ग्रहांविषयीं तें पुष्कळसें मौन पाळतें. ग्रहाला मिळणारी ऊब ताऱ्याच्या तेजावर ठरते. पण त्याचें वातावरण टिकलें कीं उडालें, हें ताऱ्याच्या तारुण्यांतील स्वभावावर. यापुढें ‘दुसरी पृथ्वी’ सांपडल्याची वार्ता कानीं आली, तर तिच्या आकाराचें कौतुक करण्यापूर्वीं चार प्रश्न विचारले जावेत : तिचा तारा केवढा, तो मोजला कसा, तो कशाचा बनला आहे, आणि तारुण्यांत तो कसा वागला? मुलीसाठीं स्थळ पाहतांना घराण्याची चौकशी करणारें शहाणपण येथेंहि उपयोगीं पडतें. फरक इतकाच, कीं येथें मुलगा दिसत नाहीं. दिसतें तें घराणेंच.